सॅकमधली पुस्तकं

(डोंगरात हिंडणाऱ्या बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मेळाव्याचं निमंत्रण द्यायला फोन आला तेव्हा मला सांगितलं गेलं, "ताई, तुम्ही फक्त पुस्तकांबद्दल बोला. भटकणाऱ्या बायकांनी काय वाचावं, एवढंच. यादी द्या, आम्ही झेरॉक्स काढून वाटू." यादी मी आणली आहे, ती शेवटी देते. पण नुसती यादी हातात ठेवली की ती घडी घालून पर्समध्ये जाते आणि बसच्या तिकिटांबरोबर टाकली जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून आमच्या गटात एकमेकींना पुस्तकं सुचवायची पद्धत कशी पडली आणि त्यात आमचं काय चुकलं, ते आधी सांगते.

मी डोंगरात जायला लागले ती १९९४ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. शाळेत शिक्षिका होते, दोन मुलं होती. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने एका ट्रेकिंग ग्रुपमध्ये नाव घातलं. ग्रुपमध्ये पंचवीस जण, त्यांत आम्ही तिघी. निघायच्या आधी म्होरक्याने सगळ्यांना एक यादी दिली, "हे वाचून या" म्हणून. गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' होती, प्र. के. घाणेकरांचं 'साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!' होतं, इतिहासाची दोन-तीन पुस्तकं होती. मी शाळेच्या वाचनालयातून आणून सगळी वाचली. त्या पुस्तकांनी मला डोंगराची भाषा शिकवली. माची म्हणजे काय, बालेकिल्ला म्हणजे काय, कातळात खोदलेलं टाकं कसं ओळखायचं, हे मला तिथे कळलं. हे ऋण मी आजही मानते.

पहिला ट्रेक राजगडचा. मुक्काम पद्मावतीच्या देवळात. दिवसभर मी पाणी प्यायले नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. पंचवीस माणसं एका रांगेत चाललेली, मध्ये थांबायचं कुठे आणि म्हणायचं काय? संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं आणि त्यातच माझी पाळी आली. मला कोणी बाहेर हो म्हटलं नाही. कोणाला माहीतही नव्हतं. पण मी स्वतःच उठले आणि देवळाच्या बाहेर जाऊन बसले. आई, आजी, सासूबाई, सगळ्या जणू माझ्याबरोबर गड चढून आल्या होत्या.

रात्री आमच्या तिघींतल्या वयाने मोठ्या बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील. पोस्टात नोकरी करायच्या. त्यांनी काही विचारलं नाही. माझ्या अंगावर शाल टाकली, बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "आधी पाणी पी. उद्या वाटेत मला सांग, आपण दोघी मागे राहू, मी ओढणी धरते." मग त्यांनी सॅकमधून एक पुस्तक काढलं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती'. म्हणाल्या, "ह्यातला 'वाटचाल' हा लेख वाच. ही बाई पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर पायी चालली होती."

तो लेख मी घरी येऊन वाचला. इरावतीबाई समाजशास्त्राच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पण बायकांबरोबर चालतात, बसतात, बोलतात. एकाच दिंडीत, एकाच विठ्ठलाचं नाव घेत चालणारी माणसं जातीप्रमाणे वेगळी जेवायला बसतात, हे त्या बघतात आणि त्याचं दुःख लिहितात. आधीच्या पुस्तकांत मी तटबंदी पाहिली होती. इथे पहिल्यांदा कोण रांधतं, कोण कोणाबरोबर जेवतं, हे चालणाऱ्या बाईच्या नजरेने लिहिलेलं वाचलं. मला वाटलं, चालताना मलाही हेच दिसतं, पण हे लिहिण्याजोगं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही बायकांचा वेगळा गट केला. सुरुवातीला सात जणी होतो. पुस्तक देणं-घेणं चालूच होतं. त्याला थोडी शिस्त यावी म्हणून दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि त्याला 'वाचनवही' नाव दिलं. नियम साधे होते. प्रत्येक ट्रेकला प्रत्येकीने एक पुस्तक आणायचं, पण हलकं, पाव किलोच्या वर नाही. मुक्कामाला टॉर्चच्या उजेडात दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायचं. आणि पुस्तक दुसरीला देताना वहीत लिहायचं: मी हे कुठे वाचलं, वाचून काय केलं, आता कोणाला द्यावंसं वाटतं. 'छान आहे, जरूर वाचा' असं लिहायला बंदी होती!

ती वही आज उघडली की गंमत वाटते. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'पुढे एकीने लिहिलंय, "हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाचलं." तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, सहा वर्षं ती एका रात्रीसाठीही बाहेर पडू शकली नाही. १९५६ सालचं हे पुस्तक चैत्रापासून एकेका महिन्याचं निसर्गातलं रूप सांगतं. ती दर महिन्याला तेवढंच प्रकरण वाचायची आणि खिडकीतून दिसणाऱ्या शेवग्यावर, समोरच्या बहाव्यावर काय बदललं ते वहीत लिहायची. ती आमच्याबरोबर एकदाही डोंगरात नव्हती, पण गटाची सभासद होती. तिच्या नोंदी आम्ही गडावर वाचायचो.

इंग्रजी पुस्तकंही आली. अर्लीन ब्लम हिचं 'अन्नपूर्णा: अ वुमन्स प्लेस' एकीने भावाकडून मागवलं. १९७८ साली तेरा बायकांची मोहीम अन्नपूर्णेवर गेली, त्याची हकिगत. पैसे उभे करायला त्यांनी टी-शर्ट विकले. बाईची जागा शिखरावर, अशा अर्थाची ओळ त्यांवर छापली होती. १५ ऑक्टोबरला आयरीन मिलर आणि वेरा कोमारकोवा या दोघी दोन शेर्पा साथीदारांबरोबर माथ्यावर पोचल्या. पण दुसऱ्या तुकडीतल्या अ‍ॅलिसन चॅडविक आणि वेरा वॉटसन या दोघी परत आल्या नाहीत. आमच्यातली एक प्राध्यापिका ते समोर धरून सरळ मराठीत सांगत जायची. ही दोघींच्या मृत्यूची पानं आली तेव्हा वाद झाला. एक म्हणाली, "हे पुढे कोणाला देऊ नका. घरचे म्हणतील, बघ, म्हणून सांगत होतो." दुसरी म्हणाली, "पुरुष मेले की त्याला बलिदान म्हणतात, बायका मेल्या की हट्ट म्हणतात. लपवलं तर आपणही तेच म्हटल्यासारखं होईल." शेवटी ठरलं की पुस्तक द्यायचं, पण त्यात काय आहे ते आधी सांगून द्यायचं. वाट दाखवताना पुढे घसारा आहे हे आपण सांगतोच ना?

आता आमचं चुकलं ते सांगते.

गटातल्या एका मैत्रिणीने वहीत लिहिलं होतं, "हे पुस्तक वाचून मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीने आले. घरी सांगितलं, शाळेची मीटिंग आहे." वही आळीपाळीने घरी जायची, तशी तिच्या घरी गेली. नवऱ्याने ती वाचली. पुढे काय झालं त्याचा तपशील सांगायची परवानगी तिने मला दिलेली नाही. एवढंच सांगते की पुढची दोन वर्षं ती ट्रेकला आली नाही. आणि आम्ही काय केलं? पहिल्या महिन्यात आम्ही तिच्यावरच चिडलो, "असं लिहायचंच कशाला?" म्हणून. ज्या वहीत खरं लिही म्हणून आम्हीच नियम केला होता, त्या वहीत खरं लिहिल्याबद्दल आम्ही तिलाच बोल लावला. हे आठवलं की आजही मान खाली जाते.

भानावर आलो तेव्हा पोस्टातल्या बाईंनी मार्ग काढला. मैत्रिणीच्या शाळेजवळ त्यांची बहीण शिवणकाम करायची. ब्लाउज शिवायला टाकण्याच्या निमित्ताने पुस्तक तिच्याकडे ठेवायचं, वाचून झालं की तिथेच परत. वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं हे त्या आधीपासून का करत होत्या, ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षांनी मैत्रीण परत आली, नवऱ्याशी काय ते स्पष्ट बोलून आली. म्हणाली, "पुस्तकं येत राहिली म्हणून मी अजून तुमच्यातली आहे असं वाटायचं." तेव्हापासून नियम झाला की पुस्तक घरी जाईल, वही घरी जाणार नाही. आणि कोणालाही पुस्तक देण्याआधी विचारायचं: तुझ्या घरात हे ठेवता येईल का? वाचायला वेळ कधी मिळतो, उजेड कुठे असतो?

दुसरी चूक कळसूबाईच्या पायथ्याची. अकोले तालुक्यात बारी गावात आम्ही एका मावशींच्या घरी उतरायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा रात्री ओसरीवर आमचं वाचन सुरू झालं. मावशी चुलीपुढून उठून आल्या आणि म्हणाल्या, "काय वाचता ह्ये?" आम्ही सांगितलं, डोंगरांची माहिती आहे. "मग आमच्या डोंगराचं काय लिवलंय?" आम्ही वाचून दाखवलं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर, वाटेत लोखंडी शिड्या, माथ्यावर देवीचं लहान देऊळ. मावशी म्हणाल्या, "बस? आन् कळसूचं काय?"

मग त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली, पण अट घालून राहिली. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. बाकी काम करीन. एक दिवस मालकाने तिला भांडी घासायला लावलीच. तिने ती घासली, आणि सरळ डोंगर चढून वर निघून गेली. पुन्हा खाली आली नाही. ती कळसूबाई.

मैत्रिणींनो, ही लोककथा आहे, इतिहास म्हणून मी सांगत नाही. पण आपल्या राज्यातलं सर्वांत उंच टोक एका घरकाम करणाऱ्या मुलीच्या नावाचं आहे, आणि कामाच्या अटी मोडल्या म्हणून ती निघून गेली असं तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या सांगतात! आम्ही ते शिखर तोवर दोनदा चढलो होतो, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मावशींनी आणखी एक विचारलं, "तुमी वर जाता, ते मोळी नाय, चारा नाय, मग कशापायी?" त्या स्वतः उजाडायच्या आत जळणासाठी आमच्यापेक्षा अवघड वाटेने चढून यायच्या. आम्ही ज्याला ट्रेक म्हणतो ती त्यांची रोजची पायपीट. ज्या पायवाटांचे नकाशे पुस्तकांत आहेत, त्यांतल्या कित्येक मोळीवाल्या बायकांच्या आणि गुरांमागे जाणाऱ्या पोरींच्याच पायांनी मळलेल्या आहेत.

आम्ही भारावून गेलो. निघताना मावशींच्या थोरल्या मुलीला चार पुस्तकं देऊन आलो. ती आठवीत होती, हुशार होती. पुढच्या वर्षी गेलो तर पुस्तकं फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी नीट रचून ठेवलेली होती, आणि मुलीचं लग्न झालेलं होतं. मावशी म्हणाल्या, "पुढची साळा लांब. एस्टीचा टाइम नाय. पोर वाटंनं एकली कशी धाडू?" आम्ही मुलीला पुस्तक दिलं, पण शाळा किती लांब, ती येते-जाते कशी, हे विचारलंच नव्हतं. चढ चालणाऱ्या आम्ही, पण तिच्या शाळेच्या वाटेकडे आमचं लक्षही गेलं नव्हतं.

धाकटी मुलगी होती. तिच्या वेळी आम्ही पुस्तकं नंतर नेली. आधी मावशींना आणि शेजारच्या दोन घरांना भेटून तीन मुली एकत्र जातील असं ठरवलं, शाळेत जाऊन बोललो, पासाचे पैसे भरले. एसटीच्या वेळेसाठी अर्ज केले, ते मात्र बराच काळ कागदावरच राहिले. धाकटी दहावी झाली. फार मोठं काही केलं असं नाही. आणि थोरलीचं जे झालं ते त्याने भरून येत नाही.

या सगळ्यातून मला जे समजलं ते एवढंच. पुस्तक सुचवणं म्हणजे वाट सांगणं. डोंगरात कोणी वाट विचारली तर आपण बोट दाखवून मोकळ्या होत नाही. पायात काय आहे, पाणी किती आहे, बरोबर कोण आहे, अंधारायच्या आत पोचशील का, हे विचारतो. पुस्तकाचंही तसंच आहे. आपण तिला उंबऱ्याबाहेरची वाट सांगत असतो, तर तिला उंबरा ओलांडता येईल एवढी मदत करणंही आपल्याकडे आलं.

आता यादी. मोजकीच आहे.

'परिपूर्ती' आणि 'ऋतुचक्र' सांगून झाली. पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष' वाचा. आईवडिलांबरोबर पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडण्यात त्यांचं बालपण गेलं, आईनेच त्यांना संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले, मग भावाबरोबर पायी हिंडत १८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या. चालणं हा छंद नसून जगणं असतं तेव्हा काय होतं, ते इथे कळतं. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचं १८८९ सालचं पुस्तकही वाचा. परक्या देशात बाई काय काय बारकाईने बघते, ते दिसेल.

बचेंद्री पाल यांचं आत्मकथन इंग्रजीत आहे, 'एव्हरेस्ट: माय जर्नी टू द टॉप'. २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोचलेली ही पहिली भारतीय बाई. बी.एड. करूनही मनासारखी नोकरी न मिळालेली डोंगराळ गावची मुलगी. माथ्यावर पोचायच्या आठवडाभर आधी रात्री तंबूवर हिमकडा कोसळला, त्यातून ती वाचली आणि पुढे गेली. तरुण मुलींना हे द्या.

भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा: एक अंतर्यात्रा' द्या. पायी परिक्रमा करून आल्यावर त्या नर्मदाकाठच्या मुलांना शिकवायला तिकडेच जाऊन राहिल्या. आम्हाला उशिरा सुचलं ते त्यांनी केलं.

इंग्रजी वाचणाऱ्या दोघी-तिघींनी नॅन शेफर्डचं 'द लिव्हिंग माउंटन' वाचून इतरांना सांगावं. स्कॉटलंडमधल्या डोंगरांवर तिने हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला लिहिलं आणि ते ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. छापलं गेलं १९७७ साली. डोंगर 'जिंकण्या'ची भाषा त्यात नाही. आणि पक्ष्यांसाठी सालिम अलींचं पुस्तक तर घ्याच, पण जमाल आरा हे नावही लक्षात ठेवा. छोटा नागपूरच्या जंगलांत हिंडून या बाईंनी पक्ष्यांवर कितीतरी लेख लिहिले, नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'वॉचिंग बर्ड्स' हे पुस्तक लिहिलं. १९८८ नंतर त्यांचं लेखन थांबलं आणि नाव विस्मरणात गेलं. 'वुमेन इन द वाइल्ड' या २०२३ सालच्या पुस्तकात रझा काझमी यांनी त्यांची कहाणी शोधून मांडली, तेव्हा पुन्हा अनेकांना ते नाव कळलं. आपली नावं टिकवायची तर ती एकमेकींना सांगत राहावी लागतात.

यादीतलं शेवटचं पुस्तक अजून लिहिलेलं नाही. कुठल्या गडावर बाईला आडोसा कुठे मिळेल, पाळीत चालताना काय बरोबर ठेवावं आणि वापरलेलं पिशवीत बांधून खाली कसं आणावं, शेवटची एसटी किती वाजता, गावात कोणत्या घरी बायकांना निर्धास्त उतरता येतं, आणि त्या घरातल्या बाया आपल्या डोंगराला आणि वाटांना काय म्हणतात, हे पुस्तक तुम्ही आणि मी लिहायचं आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, बाकीच्यांनी लिहून घ्यायचं, आणि त्यांचं नाव त्यांना विचारून घालायचं.

त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आज एक कोरं रजिस्टर ठेवलंय. शेजारी तीसेक पुस्तकं आहेत, सगळ्यांना कव्हर घातलेलं आहे. जेवणानंतर एकेक पुस्तक उचला, आणि वहीत तीन ओळी लिहून जा. वही मात्र इथेच राहील. पोस्टातल्या बाई आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत, गड चढवत नाही, पण ही कव्हरं गेल्या आठवड्यात त्यांनीच घातली आहेत.